सहनिर्मात्या जरूर व्हा, पण प्रयोगाचा हिशेब हाती घेऊन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महिलांसाठीच्या पुरवण्यांत सोने, मुदत ठेव आणि एसआयपी यांच्या पुढे जाऊन आता 'पर्यायी गुंतवणूक' या विषयावर लिहिले जाते. त्यात कधी कधी नाटकाचेही नाव येते. आम्ही नाट्यसंस्थांचे हिशेब आणि करारपत्रे हाताळतो. व्यावसायिक मराठी नाटकात बायकांनी स्वतःचे पैसे घालावेत, असे आम्हाला मनापासून वाटते. मात्र दोन-पाच लाख घेऊन येणाऱ्या बहुतेक जणी पहिल्यांदा विचारतात, "किती टक्के मिळतील?" खरे तर आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. टक्के नेमके कशाचे? आणि प्रत्येक प्रयोगाचा हिशेब कोण लिहिणार, कोण पाहणार? हे पत्र त्यासाठीच आहे.

आधी पैसा कुठे जातो ते पाहू. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येक नाटकाचे वेगळे असतील. दोन अंकी, पाच-सहा पात्रांच्या नाटकासाठी २४ लाख रुपये उभे करायचे आहेत असे समजा. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, संगीतकार, प्रकाशयोजनाकार यांचे निर्मितीचे मानधन ५ लाख. नेपथ्य, कपडे, प्रॉपर्टी (रंगमंचावर वापरायच्या वस्तू) ६ लाख. तालमींची जागा, चहा-नाश्ता, येण्याजाण्याचा खर्च २ लाख. पार्श्वसंगीताचे ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि संस्थेची नोंदणी मिळून २ लाख. शुभारंभाच्या जाहिराती ३ लाख. उरलेले ६ लाख राखीव, कारण सुरुवातीचे प्रयोग तोट्यात जाणार हे गृहीतच धरावे लागते.

ही राखीव रक्कम अंदाजपत्रकात दिसत नसेल, तर तिथेच थांबा. बंद पडणाऱ्या नाटकांपैकी बरीच वाईट म्हणून बंद पडत नाहीत. लोकांच्या तोंडी नाव पोहोचायला जे दहा-पंधरा प्रयोग लागतात, तेवढे करायला हातात पैसे उरत नाहीत, म्हणून ती बंद पडतात. सगळी रक्कम नेपथ्यात आणि पहिल्या आठवड्याच्या जाहिरातींत गेलेली असते.

आता एका प्रयोगाचा खर्च. नाट्यगृहाचे भाडे, वीज आणि वातानुकूलन २२,०००, कलाकारांची नाईट, म्हणजे प्रयोगामागचे मानधन, ४२,०००, बॅकस्टेज, प्रकाश-ध्वनी सांभाळणारे, रंगभूषा, व्यवस्थापक आणि बुकिंगवाले मिळून १८,०००, लेखक-दिग्दर्शकांची प्रयोगामागची रॉयल्टी ९,०००, टेम्पो आणि बस ९,०००, जाहिरात २०,०००, जेवण, चहा, किरकोळ ५,०००. एकूण १,२५,०००. नाट्यगृहात ९०० खुर्च्या आहेत आणि फुकट पास व तिकीट-संकेतस्थळाचे कमिशन वजा जाता एका विकलेल्या खुर्चीमागे सरासरी ३५० रुपये हातात येतात असे धरले, तर साधारण ३५७ खुर्च्या विकल्यावर प्रयोगाचा खर्च भागतो. ५०० खुर्च्या विकल्या तर ५०,००० रुपये उरतात. २५० वर थांबलो तर ३७,५०० जातात, आणि सलग १६ प्रयोग असेच झाले की ६ लाखांची राखीव संपते.

या गणितात सगळ्यात बेभरवशाची रेघ जाहिरातीची आहे. नेपथ्याचा खर्च एकदाच होतो, वर्तमानपत्रातला चौकोन मात्र दर आठवड्याला विकत घ्यावा लागतो. आपल्याच पानावर हे लिहिताना संकोच वाटतो, पण गुंतवणूकदार बाईला हे माहीत असायलाच हवे. शनिवार-रविवारी लागोपाठ तीन प्रयोग असले की तोच खर्च तिघांत वाटला जातो. आठवड्याच्या मधल्या दिवशी एखादाच प्रयोग असेल तर तो सगळा एकाच गल्ल्यावर पडतो.

म्हणून तारखा महत्त्वाच्या. दादरचे शिवाजी मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ, ठाण्याचे गडकरी रंगायतन, पुण्याचे बालगंधर्व या नाट्यगृहांत शनिवार-रविवारच्या तारखांसाठी चढाओढ असते. तारखांचे वाटप काही महिन्यांचे एकदम होते, आणि नव्या संस्थेच्या वाट्याला बहुधा मंगळवार-बुधवार येतो. निर्मात्याकडे पुढच्या तिमाहीच्या तारखांची लेखी पत्रे आहेत का, ती कोणत्या संस्थेच्या नावावर आहेत, आणि त्यांत शनिवार-रविवार किती आहेत, हे पैसे देण्यापूर्वी बघा. मिळालेली तारीख सभेसाठी किंवा सरकारी कार्यक्रमासाठी ऐनवेळी काढून घेतली जाते, हेही धरून चाला. नाट्यगृहच हातचे जाते तेही. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले. करोनाकाळात राज्यातली नाट्यगृहे प्रदीर्घ काळ बंद राहिली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडली. गोदामात उभ्या असलेल्या नेपथ्याचे भाडे त्या काळातही चालूच होते.

दुसरा धोका मुख्य कलाकाराचा. प्रेक्षक ज्याच्या नावावर तिकीट काढतो, त्याला मालिका किंवा चित्रपट मिळाला की महिन्याचे दहा प्रयोग तीनवर येतात. दुसरा कलाकार उभा करायचा तर पुन्हा तालमी आणि पुन्हा नव्या चेहऱ्याची जाहिरात. यावर पूर्ण उपाय नाही. थोडा आहे: पहिल्या ५० प्रयोगांसाठी नाईटची रक्कम ठरलेली, महिन्याला किमान किती तारखा ते लिहिलेले, आणि सोडायचे झाल्यास किती दिवस आधी कळवायचे ते लिहिलेले. नाटक चालू लागल्यावर नाईट वाढवून मागितली जाते. त्यात गैर काही नाही, पण वाढ किती आणि कोणत्या प्रयोगापासून, हे आधी ठरलेले नसेल तर ती तुमच्या वाट्यातून जाते.

तिसरी गोष्ट नेपथ्याची. संहिता वाचतानाच विचारा: सेट किती वेळात उभा राहतो, किती माणसे लागतात, एका टेम्पोत मावतो का? तीन तासांत न लागणारा सेट असला की दुपारचा प्रयोग एका नाट्यगृहात आणि रात्रीचा दुसऱ्यात करता येत नाही. कोकण-गोव्याच्या दौऱ्यात तर मोठा ट्रक आणि दोन जादा बॅकस्टेजवाले प्रत्येक प्रयोगाचे चार-पाच हजार सहज खातात. दहा प्रयोगांत हा फरक जाणवतही नाही. शंभर प्रयोगांत तो चार-पाच लाखांवर जातो.

आता परतावा. राखीव सुरुवातीच्या तोट्यात संपली असे धरा. त्यानंतर १०० प्रयोग झाले, आणि सरासरी ५०,००० प्रमाणे ५० लाख उरले. करारात असे ठरले आहे की आधी गुंतवणूकदारांचे २४ लाख पूर्ण परत करायचे आणि नंतरचा नफा निर्माता व गुंतवणूकदार यांच्यात निम्मा-निम्मा. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही साधारण हाच क्रम असतो. २ लाख घालणारीचा वाटा बारावा हिस्सा. २६ लाखांच्या नफ्यावर एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेला; तिच्याबद्दल पुढे) ३१.२ टक्क्यांप्रमाणे ८ लाख ११ हजारांच्या आसपास कर लागेल. उरलेल्याचा अर्धा भाग आणि त्याचा बारावा हिस्सा म्हणजे सुमारे ७४,५०० रुपये. महिन्याला पाच प्रयोग धरले तर दोन लाखांचे पावणेतीन लाख व्हायला पावणेदोन ते दोन वर्षे लागतील. आणि सुरुवातीच्या तोट्यानंतर तेच नाटक ३० प्रयोगांत थांबले तर? उरलेल्या १५ लाखांतले १,२५,००० परत येतील आणि ७५,००० बुडतील. मधेच पैसे काढून घेण्याची सोय नाही, कारण नाटकातला हिस्सा विकत घेणारे गिऱ्हाईक नसते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे: सहा महिन्यांचा घरखर्च, आरोग्यविमा आणि स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद बाजूला ठेवल्यावर जी बचत उरते, तिच्या पाच टक्क्यांहून जास्त एका नाटकात घालू नये. गृहकर्ज वाढवून किंवा दागिने गहाण ठेवून तर अजिबात नाही.

गल्ला भरतो म्हणजे पैसे मिळतात, हा समज फार जुना आहे. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांना तुफान गर्दी होती आणि कर्जही डोंगराएवढे होते. हाऊसफुल्लच्या पाटीवरून फक्त विक्री कळते. खर्च कळायला प्रयोगाचे हिशेबपत्रक लागते, आणि बहुतेक करारांत नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

हे पत्रक कसे असावे? प्रयोगानंतर सात दिवसांत, एका पानाचे. वर तारीख, नाट्यगृह आणि सत्र. मग दरानुसार विकलेल्या खुर्च्या: खिडकीवर किती, संकेतस्थळावर किती, एकगठ्ठा किती. फुकट पास किती आणि कोणाला; आमच्या मते तीसच्या वर जाऊ नयेत, कारण पासावर आलेला माणूस तिकीट काढून पुन्हा येत नाही. त्याखाली खर्चाच्या ओळी, पावत्यांच्या क्रमांकासह. पडताळणी सोपी आहे. बुकिंग बंद झाल्यावर प्लॅनचा, म्हणजे विकलेल्या खुर्च्यांवर खुणा केलेल्या तक्त्याचा, फोटो काढायचा, त्यावर बुकिंगवाल्याची सही घ्यायची, आणि संकेतस्थळाचा अहवाल थेट सगळ्या भागीदारांच्या ई-मेलवर येईल अशी सोय करायची. या दोन कागदांशी पत्रक जुळले की तिकीट-विक्रीपुरता वाद संपतो.

ठेक्याचे, म्हणजे कॉन्ट्रॅक्टचे प्रयोग वेगळे पाहावे लागतात. एखादी बँक, पतपेढी किंवा मंडळ ठरावीक रक्कम देऊन प्रयोग विकत घेते. तिथे प्लॅन नसतो, म्हणून हिशेबातून गळती होण्याची शक्यताही तिथेच सगळ्यात जास्त. प्रत्येक ठेक्याचे पत्र, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली पडदा उघडण्यापूर्वी, दोन्ही बँकेतून, असे करारात लिहा. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचा दौरा ठरला तर त्याचेही उत्पन्न याच खात्यात येणार, हेही लिहा. चित्रपट, वेबमालिका, दुसऱ्या भाषेतले रूपांतर, प्रयोगाचे चित्रीकरण या हक्कांतून येणाऱ्या पैशांत गुंतवणूकदारांचा वाटा किती, तेही. लेखकाशी झालेला करार मागून घ्या. हक्क किती वर्षांसाठी दिले हे त्यात लिहिलेले नसेल, तर स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे ती मुदत पाच वर्षांची धरली जाते.

एका नाटकाचा गल्ला दुसऱ्या नाटकाच्या तालमींत जाणे हा या धंद्यातला जुना आजार आहे. त्यात नेहमी लबाडी असते असे नाही. हातात रोकड एकच आणि संसार दोन, असा प्रकार असतो. पण पहिल्या नाटकात पैसे घातलेल्या बाईने दुसऱ्याचा तोटा का सोसावा? त्यासाठी प्रत्येक नाटकाची स्वतंत्र एलएलपी आणि स्वतंत्र बँक खाते, आणि ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक धनादेशावर दोन सह्या, त्यातली एक गुंतवणूकदारांच्या प्रतिनिधीची.

साध्या भागीदारी संस्थेत भागीदार म्हणून सही करू नका. तिथे संस्थेच्या कर्जाला तुमचे घर आणि ठेवीही जबाबदार ठरतात. एलएलपीत जबाबदारी तुम्ही कबूल केलेल्या भांडवलापुरती राहते. मात्र तिचे काम वक्तशीर करावे लागते. फॉर्म ११ (वार्षिक विवरणपत्र) दरवर्षी ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ (हिशेबाचे विवरणपत्र) दरवर्षी ३० ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो. उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेले की लेखापरीक्षण सक्तीचे होते. वरच्या उदाहरणातल्या उलाढालीला ते पहिल्याच पूर्ण वर्षी लागेल. सनदी लेखापालाचे शुल्क अंदाजपत्रकात आधीच धरा. करानंतरचा नफ्याचा वाटा भागीदाराच्या हातात पुन्हा करपात्र नसतो. तोटा मात्र एलएलपीकडेच राहतो, तुमच्या पगारातून वजा करता येत नाही.

बायकांच्या बाबतीत एक वेगळा सापळा आहे, आणि तो प्रतिष्ठेच्या वेशात येतो. जाहिरातीत 'निर्मात्या' म्हणून नाव छापले जाते. कागदावर मात्र ती कोणीच नसते, किंवा व्यवहार घरातला पुरुष करतो आणि नाव तिचे वापरतो. स्वतःला भागीदार म्हणून जाहीर होऊ देणाऱ्या व्यक्तीवर विश्वासून कोणी उधारी दिली, तर ती व्यक्ती त्या देण्याला जबाबदार धरली जाऊ शकते, असे भागीदारी कायद्याचे २८ वे कलम सांगते. नेपथ्यवाल्याची थकबाकी तुमच्या दारात येऊ शकते. तेव्हा नाव छापायचे तर करार आधी, आणि करार नसेल तर नाव नको. हिराबाई बडोदेकरांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी स्वतःची नाटक कंपनी चालवली. नावापुरती निर्माती होण्याची आज कोणालाही गरज नाही.

पैसे कुठून आणले, याचीही नोंद स्वच्छ असावी. नवऱ्याने भेट दिलेली रक्कम व्याजाने निर्मात्याला दिली, तर ते व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते. स्वतःची कमाई असेल तर ती स्वतःच्या एकटीच्या खात्यातूनच द्या. स्त्रीधनातले सोने मोडून भांडवल घालणार असाल तर दोन वर्षांहून जुन्या सोन्याच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. सोने वारशाने आलेले असेल तर मूळ मालकिणीची खरेदी-किंमत धरता येते, म्हणून जुन्या पावत्या जपा. कर्जाऊ रक्कम रोखीत तर देऊच नका. २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि पुढे वाद झाला तर तुमच्याकडे पुरावाही उरत नाही.

"महिन्याला दोन टक्के नक्की" असे कोणी म्हणाले तर उठून या. नाटकाचा निर्माता पुढच्या रविवारचा गल्लाही सांगू शकत नाही, तर दोन वर्षांचे व्याज कुठून सांगेल? ठरावीक परताव्याचे आमिष दाखवून चारचौघींकडून पैसे गोळा करणे अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते. भिशीचे आणि बचत गटाचे पैसे तर या वाटेला आणूच नयेत. ते दुसऱ्यांच्या अडीअडचणीचे पैसे आहेत.

तिकिटाचा दर ठरवताना ५०० रुपयांची रेघ ध्यानात ठेवा. माणशी ५०० पर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. त्याच्या वर गेल्यास संपूर्ण दरावर लागतो, आणि प्रेक्षकाला ५०० वरून एकदम जवळजवळ ६०० दिसतात. शासनाचे नाट्यनिर्मिती अनुदान मिळाले तर उत्तम, पण निवड आणि पैसे दोन्हींना वेळ लागतो. अंदाजपत्रकात ते शून्य धरावे.

एवढे वाचून भीती वाटली असेल तर आमची सूचना अशी आहे की सुरुवात निर्मितीपासून करूच नका. दहा-बारा जणींनी मिळून चालू असलेल्या, लोकांना आवडलेल्या नाटकाचा एक प्रयोग ठेक्याने घ्या. निर्मात्याची रक्कम, नाट्यगृहाचे भाडे कोण भरणार, जाहिरात कोणाची, हे पत्रावर ठरवा. तारीख ठरल्यापासून महिन्या-दीड महिन्यात विक्री, हिशेब आणि वाटणी संपते. परीक्षांचा मार्च आणि गणपतीचे दहा दिवस टाळा. दिवाळीनंतरचा किंवा मे महिन्यातला शनिवार बघा. किती खुर्च्या स्वतः विकता येतात, किती पास मागितले जातात, शेवटच्या दोन दिवसांत बुकिंग कसे हलते, हे तिथे जितके कळते तितके कोणत्याही पुस्तकात कळणार नाही. असे दोन-तीन प्रयोग केलेल्या बाईला निर्मितीचे अंदाजपत्रक दाखवले, तर नेमके कुठे बोट ठेवायचे ते तिला कळते.

पैसे घालणारीने आणखी एक अट करारात घालावी. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. रात्री दीड वाजता चिपळूणहून निघणाऱ्या बसमध्ये अभिनेत्री असतात, रंगभूषा आणि कपडेपट सांभाळणाऱ्या मुली असतात. ही समिती कागदावर नेमली आहे का आणि तिचा फोन नंबर मेकअप रूममध्ये लावला आहे का, हे विचारण्याचा हक्क भांडवलाबरोबर येतो. तो वापरावा.

शेवटी एक मागणी, निर्माता संघाकडे आणि अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेकडे. न्यूयॉर्क राज्यात नाटकासाठी लोकांकडून पैसे उभारणाऱ्या निर्मात्याने गुंतवणूकदारांना हिशेब देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. या दोन्ही संस्थांनी मिळून सहनिर्मितीच्या कराराचा एक मराठी नमुना आणि प्रयोगाच्या हिशेबपत्रकाचा एकपानी नमुना तयार करावा, आणि तो वापरणाऱ्या संस्थांची नावे जाहीर करावीत. चोख हिशेब देणारे निर्माते आजही आहेत. त्यांना भांडवल सहज मिळेल, आणि चांगली संहिता हातात असूनही पैशांवाचून अडलेल्या तरुण दिग्दर्शिकांना पाच-दहा भागीदारणी मिळतील. आपल्या वृत्तपत्राने हे दोन्ही नमुने महिलांच्या पुरवणीत छापावेत, अशी विनंती आहे.

आपल्या,
नाट्यसंस्थांचे हिशेब व करार पाहणाऱ्या दोघी, ठाणे